मोटरहोमला मागचा कॅमेरा : एक घ्यावा की दोन? वायरवाला की वायरलेस?

भटक्या३३५०

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसता वाचतोय, आज लिहायची वेळ आलीय. आमच्याकडे फोर्स ट्रॅव्हलर ३३५० वर बांधलेली मोटरहोम आहे, गेल्या दिवाळीनंतर एका कुटुंबाकडून सेकंडहँड घेतली, आम्ही पुण्यात असतो. मागं आडवा बेड आणि त्याच्या पाठीशी प्लायवूडचं कपाट, त्यामुळं आतल्या आरशात बघितलं की बेडवरची चादर दिसते, रस्ता नाही. मागचं जे काय दिसतं ते बाजूच्या दोन आरशांत, आणि गाडीच्या बरोब्बर पाठीमागं जे असेल ते कुठल्याच आरशात येत नाही.

गेल्या महिन्यात कोकणात आंजर्ल्याला गेलो होतो. होमस्टेकडं जाणारी गल्ली अरुंद, दोन्ही बाजूला जांभ्याचे गडगे, समोरून टेम्पो आला म्हणून मी रिव्हर्स घ्यायला लागलो. बायको खाली उतरून मागं उभी राहिली, हातानं येऊ दे येऊ दे करत होती. तेवढ्यात शेजारच्या घरातला चार-पाच वर्षांचा मुलगा तीनचाकी सायकल घेऊन तिच्या आणि गाडीच्या मधे आला. ती जीव तोडून ओरडली, पण माझ्या काचा वर, एसी चालू, इंजिनाचा आवाज, मला काहीही ऐकू आलं नाही. घरमालक काका पळत आले आणि पत्र्यावर दोन थापा मारल्या तेव्हा कुठं माझा पाय ब्रेकवर गेला. उतरून बघितलं तर बंपर आणि सायकल यांच्यात हातभर अंतर होतं. पोरगं हसत होतं. माझा त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही आणि अजूनही रिव्हर्स टाकताना छातीत धडधडतं.

तर कॅमेरा बसवायचाय हे नक्की. बजेट १०-१२ हजार. वायरवाला घ्यावा की वायरलेस, एकाच कॅमेऱ्यात रिव्हर्सचं काम आणि चालत्या गाडीत मागचा रस्ता बघायचं काम दोन्ही होतं का, आणि बसवायचा कुठं, वर छताला की खाली नंबरप्लेटपाशी? ज्यांनी बसवलेत त्यांनी स्वतःचा अनुभव सांगा प्लीज, दुकानदार प्रत्येकजण आपलाच माल भारी म्हणतोय.

ताम्हिणीकर

वाचून काटा आला अंगावर. मूल सुखरूप आहे, देवाची कृपा.

तुम्ही शेवटी जो प्रश्न विचारलात ना, एकात दोन्ही होतं का, तोच सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि बहुतेक लोक तो विचारतच नाहीत. माझं उत्तर, होत नाही. रिव्हर्सच्या कॅमेऱ्याला खाली बघायचं असतं, चित्राच्या तळाला स्वतःचा बंपर दिसला पाहिजे आणि तिथून पुढं चार-पाच मीटर जमीन. त्यासाठी १३० ते १५० अंशांची रुंद लेन्स लागते. पण एवढ्या रुंद लेन्समधे लांबची गोष्ट बारीक होते, म्हणजे तुमच्या मागं वीस मीटरवर ट्रक असला तरी स्क्रीनवर काडेपेटीएवढा दिसतो. चालत्या गाडीत मागचा रस्ता बघायला ६०-७० अंशांची लेन्स लागते आणि ती जवळजवळ सरळ मागं बघणारी, जेणेकरून क्षितिज चित्राच्या वरच्या भागात येईल. ह्या दोन वेगळ्या नजरा आहेत. मी आधी एक १७० अंशवाला घेतला होता, मधला कोन साधायला गेलो तर बंपरही दिसेना आणि मागची गाडीही नीट दिसेना, वर्षभर तसाच वापरला आणि मग दुसरा बसवला.

आणि मागचा रस्ता दिसणं ही चैन नाहीये. आपल्या गाड्या घाटात चढाला दमतात, ताम्हिणीत मागं रांग लागलेली असते ते बाजूच्या आरशात वळणावळणाला लपतं. कॅमेऱ्यात दिसलं की मी पुढच्या रुंद जागेला बाजूला घेऊन सगळ्यांना जाऊ देतो. मागून अॅम्ब्युलन्स येतेय हे दोनदा आरशाआधी स्क्रीनवर दिसलंय मला.

वायरवाला

भोसरीत ऑटो इलेक्ट्रिकचं काम करतो, बसेस आणि टेम्पो ट्रॅव्हलर जास्त. दादा तुमची गाडी पत्र्याची आहे, आत फ्रिज, गॅसचं कपाट, पाण्याची टाकी. वायरलेसचा सिग्नल ह्या सगळ्यातून पुढं यायचाय. बहुतेक सेट २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, त्याच पट्ट्यात तुमचा गाडीतला वायफाय राउटर, ब्लूटूथ, शेजारच्या गाडीतले फोनचे हॉटस्पॉट. उभ्या गाडीत दुकानासमोर मस्त चालतं आणि गर्दीत नेमकं अडकतं. अडकलं म्हणजे काळं झालं तर बरं, निदान कळतं तरी. काही सेटमधे चित्र गोठतं, शेवटचं चित्र तसंच राहतं आणि तुम्हाला वाटतं मागं रिकामं आहे. तुम्ही जो प्रसंग सांगितला त्यात हे झालं असतं तर? म्हणून माझ्याकडं कोणी मोटरहोम आणली तर मी वायरच ओढतो, अर्धा दिवस जास्त लागला तरी चालेल.

आता घेताना काय बघायचं ते सांगतो, कारण लोक ऑनलाइन कॅमेरा एका ठिकाणहून आणि स्क्रीन दुसऱ्या ठिकाणहून मागवतात आणि मग माझ्याकडं येतात की चित्र काळंपांढरं होऊन लोळतंय. जुना प्रकार सीव्हीबीएस, साधा अॅनालॉग. नवा प्रकार एएचडी, म्हणजे जास्त स्पष्ट चित्राचा अॅनालॉग, ७२० किंवा १०८० ओळींचा. एएचडी कॅमेरा जुन्या स्क्रीनला लावला तर चित्र येत नाही नीट. दोन्ही एकाच जातीचे पाहिजेत आणि ७२० का १०८० हेही जुळलं पाहिजे. सेटच घ्या, भानगड नको.

दुसरं, गोल चार पिनवाला स्क्रूचा कनेक्टर असतो त्याला एव्हिएशन कनेक्टर म्हणतात, तोच घ्या. एकाच केबलमधून चित्र पण येतं आणि कॅमेऱ्याला करंट पण स्क्रीनकडूनच जातो. लाल-पिवळ्या आरसीए पिनवाला स्वस्त प्रकार असतो त्यात कॅमेऱ्याचा करंट मागच्या रिव्हर्स बल्बवरून घेतात, मग कॅमेरा फक्त रिव्हर्समधेच जागा होतो, चालत्या गाडीत मागचं बघायचं तर तो कामाचा नाही. शिवाय कॅमेऱ्याची अर्थिंग मागं आणि स्क्रीनची पुढं अशी वेगवेगळी झाली की चित्रात आडवे पट्टे फिरायला लागतात.

जर्सीकर

वायरवाला दादांचं पटतंय, पण वायरलेसची दुसरी बाजू पण सांगतो. मी न्यू जर्सीत असतो, आम्ही चार वर्षं गाडीच्या मागं राहायचा ट्रेलर ओढायचो आणि आता क्लास सी मोटरहोम आहे, म्हणजे व्हॅनच्या सांगाड्यावर बांधलेलं घर. ट्रेलर सोडायचा जोडायचा असतो, तिथं वायर ओढणं कटकटीचं, म्हणून इकडं बऱ्याच ट्रेलरना मागं वर कारखान्यातूनच एक ब्रॅकेट आणि करंटची वायर दिलेली असते, वायरलेस कॅमेरा त्यावर नुसता बसवायचा. एक गोष्ट लक्षात ठेवा, ती वायर बहुतेक वेळा वरच्या मार्कर लाइटवरून घेतलेली असते, म्हणजे दिवसा पार्किंग लाइट लावल्याशिवाय कॅमेरा चालू होत नाही. पहिल्या ट्रिपला मी दोन तास कॅमेरा बिघडला म्हणून हेल्पलाइनशी भांडत होतो आणि शेजारच्या साइटवरच्या आजोबांनी येऊन फक्त लाइट लावले.

इकडचा कायदा पण सांगतो कारण त्यामागची कथा तुमच्या प्रसंगासारखीच आहे. कॅमेरन गुलब्रन्सन नावाचं दोन वर्षांचं मूल घरच्याच गाडीखाली सापडून गेलं, स्वतःचे वडील रिव्हर्स घेत होते. त्याच्या नावानं कायदा झाला आणि मे २०१८ पासून इथल्या नव्या गाड्यांना मागचा कॅमेरा सक्तीचा झाला. गाडीच्या मागं १० फूट रुंद २० फूट लांब एवढा पट्टा दिसलाच पाहिजे आणि रिव्हर्स टाकल्यापासून दोन सेकंदांत चित्र आलं पाहिजे असं त्यात आहे. पण हे १०,००० पौंड वजनमर्यादेपर्यंतच्या गाड्यांना. आमची मोटरहोम फोर्ड ई-४५० वर आहे, तिची मर्यादा १४,५०० पौंड, म्हणजे जिला कॅमेऱ्याची सगळ्यात जास्त गरज ती गाडी कायद्यातून बाहेर. तरी माप म्हणून तो पट्टा आणि ते दोन सेकंद लक्षात ठेवायला चांगले आहेत, कुठलाही सेट घेताना ह्यावर तपासा.

एसटीपुत्र

माझे वडील एसटीत चालक होते, बत्तीस वर्षं. डेपोत किंवा गावच्या स्टँडवर गाडी मागं घ्यायची तर कंडक्टर खाली उतरल्याशिवाय ते गिअर टाकत नसत, पाऊस असो नाहीतर रात्रीचे दोन. आणि कंडक्टरनं कुठं उभं राहायचं हेही ठरलेलं. बरोब्बर मागं नाही, ड्रायव्हरच्या बाजूच्या मागच्या कोपऱ्याला, जिथून तो ड्रायव्हरला आरशात दिसेल. आरशातून कंडक्टर गेला की गाडी जागेवर थांबली, मग तो का गेला ते नंतर. वहिनी मागं मधोमध उभ्या होत्या म्हणजे त्या तुम्हाला दिसत नव्हत्या आणि त्या स्वतःही धोक्यात होत्या. कॅमेरा बसवाच पण ही सवय आजपासून लावा, त्याला पैसे पडत नाहीत.

दुसरं म्हणजे आवाज. ओरडणं ऐकू येत नाही. वडिलांची काच रिव्हर्सला कायम खाली असायची, थंडीत सुद्धा, आणि शिट्टी वाजली की थांबायचं. आम्ही आता शिट्टीच ठेवतो गाडीत, आरशाला अडकवलेली असते.

भटक्या३३५०

एसटीपुत्र, हे वाचून बायकोला दाखवलं, ती म्हणाली शिट्टी आजच आणते. काच खाली करायची एवढी साधी गोष्ट मला सुचली नव्हती त्या दिवशी.

वायरवाला दादा, ताम्हिणीकर, दोन कॅमेरे आणि वायर हे आता मनाशी पक्कं. पण गाडीच्या मागं शिडी आहे, स्टेपनी दारावर आहे आणि दोन सायकलींचा रॅक पण आहे. सायकली लावल्या की खालून काही दिसणारच नाही ना? आणि रात्रीचं काय, बऱ्याच कॅमेऱ्यांवर शून्य लक्स (लक्स म्हणजे उजेडाचं माप) लिहिलंय, म्हणजे अंधारात दिसतं?

थेम्सकाठी

मी इंग्लंडात रेडिंगजवळ राहते, आमची फियाट डुकाटोवरची व्हॅन आहे. सायकलींचा प्रश्न आम्हालाही आला होता. नंबरप्लेटपाशी कॅमेरा ठेवला की सायकली लावल्यावर फक्त चाकाच्या तारा दिसतात आणि पावसात पहिल्या दहा किलोमीटरमधे लेन्स चिखलानं भरते. वर छताच्या कडेला बसवला तर सायकलींच्या वरून पलीकडची जमीन दिसते. इकडं पॅनल व्हॅनना तिसरा ब्रेकलाइट काढून त्या जागी कॅमेरा असलेला ब्रेकलाइट मिळतो, त्यामुळं पत्र्याला नवं भोक पाडावं लागत नाही. आमच्याकडं दोन लेन्स एकाच डबीत असलेला आहे, एक खाली बघणारी एक लांब, दोन्हीचे कोन वेगळे फिरवता येतात. दोन वेगळे कॅमेरे बसवायचं जिवावर येत असेल तर हा प्रकार बघा, मात्र दोन चित्रं दोन वेगळ्या चॅनलवर येतात त्यामुळं स्क्रीनला दोन इनपुट लागतात.

आमच्या गाडीत आणखी एक त्रास झाला तो सांगते. नव्या गाड्यांत रिव्हर्स लाइटला सरळ १२ व्होल्ट येत नाहीत, गाडीचा कंप्युटर करंट तोडून तोडून पाठवतो, त्यामुळं तिथून जोडलेला सेट सारखा चालू-बंद व्हायचा. मधे फिल्टर घातल्यावर थांबलं. तुमच्या गाडीत कदाचित लागणार नाही पण कोणी नवी गाडी घेऊन हा धागा वाचत असेल तर त्यांच्यासाठी.

इकडं चालत्या गाडीत ड्रायव्हरला स्क्रीन दिसण्यावर १९८६ पासून बंदी आहे पण गाडीची स्थिती, रस्ता शोधणं आणि गाडीलगतचा रस्ता दिसण्यासाठीच्या स्क्रीनला मुभा आहे. म्हणून मागचा कॅमेरा चालू ठेवता येतो, त्याच स्क्रीनवर सिनेमा लावता येत नाही. मला हा नियम फार आवडतो.

वायरवाला

शून्य लक्स म्हणजे कॅमेऱ्याभोवती इन्फ्रारेडचे छोटे दिवे असतात, त्यांच्या उजेडात काळंपांढरं दिसतं, तेही तीन-चार मीटर. कोकणातल्या गल्लीत लाइट गेलेले असले तर त्यावर विसंबू नका. तुमच्या रिव्हर्सच्या बल्बचा उजेड पण जेमतेमच असतो. मी काय करतो, मागं वर दोन छोटे एलईडी वर्कलाइट लावतो, रिले (छोट्या करंटनं मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) टाकून रिव्हर्स गिअरवर. हजार-बाराशेत काम होतं आणि साधा कॅमेरा सुद्धा दिवसासारखा दिसतो. रिले टाकायचाच, मूळ वायरिंगवर थेट लोड नको.

सागरवाट

आम्ही रत्नागिरीचे, गाडी वर्षभर खाऱ्या हवेत उभी असते. पहिला कॅमेरा दुसऱ्या पावसाळ्यात आतून धुरकट झाला, लेन्सच्या आत वाफ धरली, बाहेरून कितीही पुसलं तरी काय उपयोग. डबीवर आयपी ६७ लिहिलेलं. आयपी ६७ म्हणजे धूळ आत जात नाही आणि मीटरभर पाण्यात अर्धा तास बुडवला तर चालतो. पण सर्व्हिसिंगला प्रेशरचा पाइप जवळून मारतात त्याची परीक्षा वेगळी, ती आयपी ६९ के. त्यात ८० ते १०० बार दाबानं ८० अंश गरम पाण्याचा मारा जवळून करून बघतात. ट्रक-बसचे म्हणून विकले जाणारे कॅमेरे ह्या जातीचे असतात, थोडे ओबडधोबड दिसतात पण टिकतात. आता तोच आहे, तिसरा पावसाळा.

पण खरं पाणी शिरतं ते जोडातून, कॅमेऱ्यातून नाही. गोल कनेक्टर बाहेर राहिला की त्याच्या पिना हिरव्या पडतात. जोड आत पत्र्याच्या मागं घ्या, आणि बाहेर ठेवायलाच लागला तर स्वतःला चिकटणारी रबरी टेप मिळते ती ओढून गुंडाळा. केबल भोकात शिरायच्या आधी खाली एक वळसा द्या, पाणी त्या वळशावरून खाली ठिबकतं, केबलवरून ओघळत आत जात नाही. भोकाला रबरी ग्रोमेट, म्हणजे कड झाकणारी रिंग, आणि वरून पॉलियुरेथेनचा सीलंट, सिकाफ्लेक्स वगैरे. घरच्या बाथरूमचं सिलिकॉन वापरू नका, ते सुटतं, आणि मोटरहोमच्या छतात शिरलेलं पाणी प्लायवूड कुजल्यावरच कळतं.

जाता जाता, फेरीबोटीचं पण सांगतो. दाभोळ-धोपावे, वेसवी-बागमांडला असल्या जेटींवर गर्दी असली की गाडी उलटी चढवायला सांगतात. दोन्ही बाजूला दुचाकी, पुढं उतार, पायाखाली ओलं लोखंड. तिथं बोटीवरच्या माणसाकडं बघायचं, तो जसा हात करेल तसं. कॅमेरा सोबतीला.

सौ_भ्रमंती

माझे मिस्टर ड्रायव्हिंग करत नाहीत, मीच चालवते, टाटा विंगरवरची कॅम्पर आहे, नाशिकहून. स्क्रीनवरच्या लाल-पिवळ्या-हिरव्या रेषांबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. त्या रेषा कारखान्यातून कुठल्यातरी कारसाठी आखलेल्या असतात. तुमच्या गाडीच्या उंचीवर त्यांचं अंतर खोटं. मी काय केलं, सपाट मैदानात गाडी उभी केली, बंपरपासून एक, दोन आणि तीन मीटरवर विटांच्या ओळी मांडल्या, आत येऊन स्क्रीनवर त्या विटा जिथं दिसतात तिथं बारीक रंगीत टेपचे तुकडे चिकटवले. मूळ रेषा सेटिंगमधून बंद केल्या. आता माझा एक मीटर म्हणजे खरोखर एक मीटर.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, ह्या रेषा फक्त जमिनीचं अंतर सांगतात. कॅमेरा उंचावरून खाली बघतो, त्यामुळं जी गोष्ट जमिनीपासून वर आहे, म्हणजे ट्रकमधून बाहेर आलेल्या सळया, आंब्याची आडवी फांदी, पत्र्याच्या शेडची कड, ती स्क्रीनवर असते त्यापेक्षा लांब दिसते. एका शेतातल्या मुक्कामाला शेडची कड मला चांगली दोन मीटर मागं दिसत होती आणि ती छताच्या शिडीला टेकली. नशिबानं हळू होते. तेव्हापासून मिस्टर उतरतात आणि आधी वर बघतात मग खाली. आम्ही दोघं फोन लावून कानात हेडफोन घालतो, ओरडावं लागत नाही. आणि ह्यांचा एकच शब्द ठरलेला आहे, थांब. बाकी डावं उजवं हातानं दाखवायचं.

ताम्हिणीकर

ताई, फांदीचं अगदी खरं. हे दुकानात कोणीच सांगत नाही.

सेन्सरबद्दल एक वाक्य, आपल्याकडं १ जुलै २०१९ पासून नव्या कारना रिव्हर्स सेन्सर सक्तीचे आहेत त्यामुळं लोकांना टूंटूं आवाजाची सवय झालीय. सेन्सर लावा, पण सायकलचा रॅक असला की तो रॅकलाच ओळखून सारखा ओरडतो आणि मग माणूस बंद करून टाकतो.

भटक्या३३५०

मंडळी, पाच आठवड्यांनी लिहितोय, काम झालं, सविस्तर सांगतो.

ट्रक-बसवाला एएचडी ७२० चा सेट घेतला, सात इंची स्क्रीन, तीन इनपुट, दोन कॅमेरे, १५ मीटरच्या दोन केबल, सगळे मिळून साडेआठ हजार. वर्कलाइट, रिले, फ्यूज, सीलंट असं धरून अकराच्या थोडं आत राहिलो. वायरिंग ओळखीच्या गॅरेजमधे करून घेतलं, मी सोबत उभा होतो. दोन्ही कॅमेरे मागं वर छताच्या कडेला, मधोमध खाली बघणारा १४० अंशांचा, त्याच्याशेजारी लांब बघणारा. केबल छताच्या आतल्या लायनिंगमधून पुढं, उरलेली चार मीटर गुंडाळी आधी इन्व्हर्टरशेजारी ठेवली होती तर इन्व्हर्टर चालू केला की चित्रात मुंग्या यायच्या, ती तिथून काढून पुढच्या सीटखाली नेली आणि चित्र स्वच्छ झालं.

करंट इग्निशनवरून घेतलाय, दोन अँपिअरचा फ्यूज टाकून, म्हणजे किल्ली काढली की सगळं बंद, बॅटरी उतरायची भीती नाही. गाडी चालू असताना लांबचा कॅमेरा कायम दिसतो, रिव्हर्स टाकला की इशारा देणाऱ्या हिरव्या ट्रिगर वायरनं आपोआप खालचं चित्र येतं. मोजलं, एका सेकंदाच्या आत येतं. स्क्रीन आतल्या आरशाच्याच जागी लावली, कारण तो आरसा तसाही चादर दाखवत होता आणि मागं बघायचं म्हटलं की डोळे सवयीनं तिथंच जातात. रात्री मात्र उजेड अगदी कमी करून ठेवावा लागतो, नाहीतर काचेवर तिचंच प्रतिबिंब पडतं.

एक चूक पहिल्याच दिवशी सापडली. लांबच्या कॅमेऱ्याचं चित्र आरशासारखं उलटं नव्हतं. हायवेला मागची मोटारसायकल स्क्रीनवर डावीकडं दिसत होती आणि आरशात उजवीकडं, डोकं गरगरलं. प्रत्येक चॅनलच्या सेटिंगमधे मिरर वेगळा असतो, दोन्हीकडं चालू करा आणि गाडी गॅरेजबाहेर काढायच्या आधी कुणालातरी मागं उजवीकडं उभं करून तपासा.

मग सौ_भ्रमंती ताईंची विटांची परीक्षा केली. त्याच्यासोबत अजून एक केली. घरातलं प्लॅस्टिकचं स्टूल घेतलं, साधारण त्या मुलाच्या सायकलएवढ्या उंचीचं, आणि बंपरला चिकटवून उभं केलं. आरशात नाही, अर्थातच. स्क्रीनवर पूर्ण दिसलं. मग ते डाव्या मागच्या कोपऱ्याला ठेवलं, चाकाच्या पुढं, तर ना आरशात ना कॅमेऱ्यात. तिथं आता बाजूच्या आरशाखाली एक गोल आरसा चिकटवलाय दीडशे रुपयांचा, त्यात स्टूलचा वरचा भाग येतो. तरी तेवढी जागा उरतेच, म्हणून बायको एसटीच्या कंडक्टरसारखी माझ्या बाजूच्या कोपऱ्याला उभी राहते, शिट्टी गळ्यात, आणि डावीकडचा कोपरा आधी चालत जाऊन बघून येते.

नवी_गाडी

सगळा धागा एका बैठकीत वाचला. आमची गाडी मिनीबसवर आहे, २४ व्होल्ट. हाच सेट चालेल का? आणि भटक्या दादा, दोन कॅमेऱ्यांचं ब्रॅकेट कसं केलंत, पत्रा तिथं गोलाई घेतो ना?

वायरवाला

स्क्रीनच्या मागं लिहिलेलं असतं, १० ते ३२ व्होल्ट असं असेल तर थेट लावा. कॅमेऱ्याला करंट स्क्रीनकडून १२ चाच जातो चार पिनवाल्या केबलमधून त्यामुळं त्याला धोका नाही. पण कोणी तुम्हाला आरसीएवाला कॅमेरा मागच्या २४ च्या बल्बवर जोडून देत असेल तर हात धरा त्याचा, लगेच जळेल. वर्कलाइट आणि रिले पण २४ ला चालणारे मागा. आणि दोन बॅटऱ्यांपैकी एकीवरून १२ काढून देतो म्हणणाऱ्याकडं जाऊ नका, एक बॅटरी कायम उपाशी राहते आणि दोन्ही लवकर जातात.

भटक्या३३५०

गोलाई आहे, बरोबर. तीन मिलिमीटरची अॅल्युमिनियमची पट्टी वाकवून घेतली, पत्रा आणि पट्टीच्या मधे रबर, आणि स्क्रूऐवजी दोन बोल्ट आरपार, आतून मोठे वॉशर लावून. खड्ड्यांत हलत नाही. पुढच्या शुक्रवारी परत आंजर्ल्याला निघालोय, त्या काकांकडंच उतरणार आहोत, पोरासाठी सायकलची घंटी घेतलीय. ब्रॅकेटचा फोटो उद्या उजेडात काढून टाकतो.